लॅबचा सर्व्हर पहाटे का अडकतो: लॉग गोळा करण्याच्या प्रकल्प नोंदी

११ जून २०२४, मंगळवार

आज पहाटे अडीचच्या सुमारास लॅबचा सर्व्हर परत अडकला. अतिदक्षता विभागातल्या एका पेशंटचं पोटॅशियम मशीनवर निघालं होतं, पण वॉर्डातल्या स्क्रीनवर येईना. शेवटी लॅबच्या ताईंनी फोनवर आकडा सांगितला आणि सिस्टरनी तो कागदावर लिहून घेतला. पोटॅशियमचा आकडा असा तोंडी जाणं मला अजिबात मान्य नाही. ऐकताना एक अंक चुकला तर काय होईल, हे डॉक्टरांना वेगळं सांगायला नको. म्हणून हे काम आजपासून प्रकल्प म्हणून हाती घेतलं आहे आणि रोजची नोंद इथे ठेवतो आहे.

आमची मांडणी अशी. एकाच रॅकमध्ये तीन फिजिकल सर्व्हर (यांनाच होस्ट म्हणतो), तिन्हींवर ईएसएक्सआय ७.० (एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), वरून या सगळ्यांवर ताबा ठेवणारं व्हीसेंटर. व्हीएमच्या डिस्क सामायिक स्टोरेजवर, तिथपर्यंत जायला आयस्कझीचे (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) १० गिगाबिटचे दोन रस्ते. रुग्णनोंदणी, लॅब, एक्स-रे, औषध भांडार, सगळं यावरच चालतं. गेले काही आठवडे अधूनमधून, नेहमी पहाटेच, दोन नंबरच्या होस्टवरच्या व्हीएम मिनिट-दोन मिनिटं थिजतात आणि मग काही झालंच नाही अशा चालू लागतात. लॅबचा डेटाबेस जुना आहे, तो सगळ्यात आधी कुरकुर करतो.

सपोर्टकडे केस उघडली. त्यांनी मागितलं ते असं: तिन्ही होस्टचं लॉग बंडल (मशीन स्वतः लिहून ठेवते त्या नोंदींचा गठ्ठा), व्हीसेंटरचं बंडल, घटनेची नेमकी वेळ आणि ज्या व्हीएमला त्रास झाला तिचं नाव. व्हीसेंटरमध्ये 'एक्स्पोर्ट सिस्टम लॉग्ज' घेतलं, तिन्ही होस्टवर खूण केली, व्हीसेंटरचे लॉगही सोबत घेतले. संध्याकाळपर्यंत अपलोड झालं.

१२ जून, बुधवार

सपोर्टचं उत्तर आलं: एक आणि तीन नंबरच्या होस्टवर विशेष काही नाही, आणि दोन नंबरच्या होस्टचे लॉग घटनेच्या नंतरपासूनच सुरू होतात.

बंडल इथेही उघडून पाहिलं. बरोबर आहे त्यांचं. 'व्हीएमकर्नल' लॉगची (ईएसएक्सआयच्या गाभ्याची नोंद) पहिली ओळ होस्ट बूट होतानाची आहे. पहाटे सगळं अडकलेलं पाहून रात्रपाळीच्या मुलाने होस्टच बंद करून चालू केला होता, कारण त्याला तसंच करायचं सांगून ठेवलेलं आहे. व्हीएम बाकीच्या दोन होस्टवर उठल्या, काम सुरू झालं. पण दोन नंबरचा होस्ट एसडी कार्डवरून बूट होतो. अशा होस्टला कायमची जागा दिलेली नसेल तर तो आपले लॉग मेमरीतल्या तात्पुरत्या डिस्कवर लिहितो. वीज गेली किंवा रीस्टार्ट केला की सगळं पुसलं जातं. व्हीसेंटरमध्ये त्या होस्टवर पिवळी सूचनाही आहे: सिस्टम लॉग कायम न टिकणाऱ्या जागेवर साठवले जात आहेत. कमांड लाइनवर सिसलॉगचं (लॉग लिहिणारी आणि पाठवणारी सेवा) कॉन्फिगरेशन मागवलं तर 'लोकल लॉग आउटपुट इज पर्सिस्टंट' यापुढे 'फॉल्स'.

म्हणजे आजवर जितक्या वेळा हा होस्ट रीस्टार्ट झाला, तितक्या वेळा पुरावा आपणच धुऊन टाकला. आधी केबल, स्टोरेज, बॅकअप यांच्या मागे न लागता हे थांबवायचं. पुढच्या वेळी अडकलं तर त्या क्षणाचं सगळं हातात हवं.

१३ जून, गुरुवार

लॉग ठेवायचे कुठे, यावर सकाळ गेली. सोपा उपाय सगळे सांगतात: सामायिक डेटास्टोअरवर (स्टोरेजवरची व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) एक फोल्डर करा आणि होस्टला तिकडे वळवा. इथे ते चालणार नाही. संशय त्याच स्टोरेजच्या वाटेवर आहे. ज्या मिनिटाला वाट बंद पडते त्याच मिनिटाची नोंद आपल्याला हवी, आणि नेमकी तेव्हाच नोंद लिहायची जागाही बंद असेल.

म्हणून रॅकबाहेरचा एक वेगळा जुना पीसी घेतला, त्यावर डेबियन लिनक्स आणि लॉग स्वीकारणारं आरसिसलॉग बसवलं. तो मॅनेजमेंटच्या नेटवर्कवर आहे, आयस्कझीशी त्याचा संबंध नाही. तिन्ही होस्टवर सिसलॉगचा लॉगहोस्ट म्हणून त्याचा पत्ता दिला, टीसीपी, पोर्ट ५१४. फायरवॉलमधला 'सिसलॉग' हा नियम चालू करावा लागतो, नाहीतर कॉन्फिगरेशन बरोबर दिसतं आणि पलीकडे एक ओळही पोचत नाही. शेवटी सिसलॉग रीलोड. पाचेक मिनिटांत ओळी वाहायला लागल्या. प्रत्येक होस्टचं वेगळं फोल्डर, रोजची वेगळी फाईल.

होस्टवर स्थानिक लॉग किती टिकतात तेही पाहिलं. आमच्याकडे एका फाईलची मर्यादा १०२४ किलोबाइट आणि जुन्या ८ फायली, इतकंच. शांत होस्टला हे काही दिवस पुरतं. पण स्टोरेज बिघडलं की 'व्हीएमकर्नल' इतक्या वेगाने लिहायला लागतो की काही तासांत सुरुवातीची ओळ मागे ढकलली जाऊन नाहीशी होते. बिघाड जितका मोठा, तितकी त्याची सुरुवात लवकर पुसली जाते. म्हणून या एका लॉगचा आकार आणि फायलींची संख्या वाढवून ठेवली.

१४ जून, शुक्रवार

आज फक्त घड्याळं.

ईएसएक्सआय लॉगमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) लिहितो, ओळीच्या सुरुवातीला शेवटी 'झेड' असलेला वेळेचा शिक्का असतो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ११ जूनच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांची घटना फाईलमध्ये १० जूनच्या २१:०३ ला सापडणार. तारीखसुद्धा आदल्या दिवसाची. व्हीसेंटरच्या स्क्रीनवर तीच घटना ब्राउझरच्या स्थानिक वेळेत दिसते, त्यामुळे स्क्रीनशॉट आणि फाईल शेजारी ठेवले की वेगवेगळ्या रात्रींचे वाटतात. केसमध्ये वेळ लिहिताना दोन्ही लिहायच्या: भारतीय वेळ, आणि कंसात यूटीसी तारखेसकट.

तीन नंबरचा होस्ट जवळपास चार मिनिटं मागे होता, त्याची एनटीपी सेवा (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी) बंद पडली होती. स्टोरेजच्या कंट्रोलरवर भारतीय वेळ आहे, यूटीसी नाही. स्विचच्या घड्याळाला तर कुणी कधी वेळच दिली नव्हती. त्याच्या लॉगवर विश्वास ठेवला असता तर कारण आणि परिणाम उलटसुलट लागले असते.

सगळ्यांना एकाच वेळेवर आणलं. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलं आहेच. दिल्लीची ही प्रयोगशाळाच भारतीय प्रमाणवेळ सांभाळते. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचंही कलम आहे, म्हणून कालच्या पीसीवर जुन्या फायली तितके दिवस राहतील अशी सोय केली. हे कलम दाखवल्यावर अधीक्षक साहेबांनी त्या पीसीला मोठी डिस्क लगेच मंजूर केली.

१८ जून, मंगळवार

रात्रपाळीसाठी एक पान लिहिलं आणि रॅकच्या दारावर आतून चिकटवलं. मोठ्या अक्षरांत, मराठीत. त्यातला मुख्य मजकूर:

"सर्व्हर अडकला तर होस्ट रीस्टार्ट करू नये. आधी फोन करावा, कितीही वाजलेले असोत. घड्याळात वेळ बघून लिहावी. कोणत्या खात्याचं काय अडलं ते लिहावं. स्क्रीनवर काही दिसत असेल तर मोबाइलने फोटो काढावा. स्क्रीन पूर्ण जांभळी दिसली तर फोटो काढून थांबावं, डिस्कवर डम्प लिहून होईपर्यंत बटण दाबू नये."

रात्रपाळीच्या मुलाला समोर बसवून सगळं समजावलं. त्याची अडचण खरी होती. "दादा, वॉर्डातनं चार फोन येत्यात एकदम. मी नुसतं बघत बसलो तर मलाच बोलत्यात." मग डॉक्टर मॅडमकडून सर्व वॉर्डांना लेखी सूचना काढून घेतली: असं झालं तर लॅबने आकडा रजिस्टरमध्ये लिहून सहीनिशी वॉर्डात पाठवायचा, सर्व्हरसाठी फोन फक्त आयटीला. मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. हे नसतं तर माझं पान कितीही मोठ्या अक्षरांत असून उपयोग झाला नसता.

लॅबमध्ये गेलो. ताईंनी रात्रीचं रजिस्टर काढून दाखवलं. निळ्या शाईत सॅम्पल नंबर, तपासणी, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात: '२.३४ ला कनेक्शन गेलं, २.३६ ला आलं'. मागची पानं उलटली. प्रत्येक वेळची अशीच नोंद. त्या म्हणाल्या, "आम्हाला रिपोर्टला उशीर का झाला ते दाखवावं लागतं ना सर, म्हणून लिहिते." लॅबच्या भिंतीवरचं घड्याळ माझ्या मोबाइलशी ताडून पाहिलं, फरक नाही म्हणण्याइतकाच. सगळ्या तारखा उतरवून घेतल्या. ज्या रात्रींचे होस्टचे लॉग पुसले गेले, त्या रात्रींचा हा एकमेव विश्वासार्ह पुरावा आहे.

तारखा लावून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. वेळ नेहमी अडीच ते पावणेतीन. आमचा बॅकअप अडीचला सुरू होतो.

२० जून, गुरुवार

पहाटे २:३८ ला फोन. "दादा, परत अडकलंय बघा. मी कशालाच हात लावला नाही."

घरून व्हीपीएनने आत गेलो. तोवर व्हीएम परत चालू झाल्या होत्या, पण होस्ट जसाच्या तसा होता, आणि तेच हवं होतं. बंडल घेतलं, या वेळी कमांड लाइनने. दोन नंबरच्या होस्टवर फाईल ठेवायला पुरेशी जागाच नाही, एसडी कार्डवरच्या होस्टची तात्पुरती जागा लहान असते. त्यामुळे 'व्हीएम-सपोर्ट' कमांडला स्ट्रीमचा 'एस' हा पर्याय दिला आणि एसएसएचमधून (दूरच्या मशीनवर कमांड देण्याची सुरक्षित जोडणी) थेट लॉगच्या पीसीवर उतरवलं. होस्टवर काहीही लिहिलं जात नाही, आणि डेटास्टोअर अडकलेला असला तरी फाईल कुठे ठेवायची हा प्रश्न येत नाही. काम झाल्यावर एसएसएच परत बंद. कोणी कोणती कमांड दिली ते 'शेल' लॉगमध्ये राहतं, ते तपासणाऱ्यांनाही बरं.

बाकीच्या दोन होस्टची बंडलं लगेच घेतली. तुलनेला निरोगी होस्ट लागतोच. लॅबच्या व्हीएमच्या फोल्डरमधला 'व्हीएमवेअर' लॉग वेगळा उतरवला. ही फाईल व्हीएम दर वेळी बंद होऊन चालू झाली की मागे सरकते आणि ठरावीक संख्येनंतर सगळ्यात जुनी पुसली जाते, म्हणून घाबरून चारदा रीस्टार्ट केलेल्या व्हीएमचा लॉग कामाचा उरत नाही. लॅबच्या विंडोजमधला सिस्टम इव्हेंट लॉगही काढला. शेवटी प्रत्येक फाईलचा शा-२५६ (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून नोंदवला, अपलोड अर्धवट झालं तर कळावं म्हणून.

झोप झालेली नाही, पण समाधान आहे. पहिल्यांदाच संपूर्ण घटना हातात आहे.

२० जून, संध्याकाळ

दिवसभर वाचन. जे दिसलं ते क्रमाने.

दोन नंबरच्या होस्टच्या 'व्होबडी' लॉगमध्ये, यूटीसी १९ जून २१:०४ च्या सुमारास: अमुक व्हॉल्यूमशी संपर्क तुटला, परत जोडण्याचा प्रयत्न चालू आहे. थोड्या वेळाने: संपर्क पुन्हा प्रस्थापित झाला. ताईंच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री २.३४. म्हणजे मिनिटाला मिनिट जुळलं.

त्याच्या आधीची दोन-तीन मिनिटं जास्त बोलकी आहेत. 'व्हीएमकर्नल' लॉगमध्ये आधी तक्रार येते की अमुक डिव्हाइसची कामगिरी खालावली, आयओला (डिस्कवर वाचणं-लिहिणं) लागणारा वेळ सरासरीहून वाढला, आणि दोन्ही आकडे मायक्रोसेकंदांत दिलेले. मग स्कझी कमांड (स्टोरेजला दिलेली आज्ञा) फसल्याच्या ओळी. त्यांत एच, डी, पी अशी तीन खाती असतात: होस्टची बाजू, डिव्हाइसची बाजू, आणि प्लगइनची. आमच्या ओळींत डी शून्य आहे, पी शून्य आहे, आणि एचमध्ये ०x५, म्हणजे वाट पाहून कमांड रद्द केली. स्टोरेजने स्वतः 'मी व्यग्र आहे' म्हटलं असतं तर डीच्या खात्यात ०x८ दिसलं असतं, रांग भरली असती तर ०x२८. इथे स्टोरेज काहीच तक्रार करत नाही. होस्टने विचारलं आणि उत्तर पोचलं नाही. लक्ष आपोआप मधल्या वाटेवर जातं.

विंडोजच्या बाजूने तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत: इव्हेंट १२९, डिव्हाइसला रीसेट दिला.

आता बॅकअपचा प्रश्न. सगळ्यांचा संशय त्याच्यावर होता, बॅकअप स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची अवस्था) घेतो आणि त्याने व्हीएम गोठते असं. हे व्हीएमवेअरच्या लॉगमध्ये तपासता येतं. स्नॅपशॉट घेताना आणि काढताना व्हीएम क्षणभर थांबवली जाते, आणि 'चेकपॉइंट अनस्टन' या ओळीत ती किती मायक्रोसेकंद थांबली ते लिहिलेलं असतं. लॅबच्या व्हीएमचा तो आकडा एका सेकंदाच्याही आत आहे. म्हणजे स्नॅपशॉटने गोठवलं नाही. बॅकअप सुरू झाला की स्टोरेजच्या वाटेवर गर्दी होते, तेवढाच त्याचा वाटा. गर्दीत जे उघडं पडतं ते आधीपासून तिथे आहे.

२१ जून, शुक्रवार

पाठवण्याआधी गोपनीयतेचं पाहिलं. बंडलात होस्टची नावं, आयपी पत्ते, व्हीएमची नावं असतात. आमच्या एका व्हीएमच्या नावात डॉक्टरांचं नाव आहे, ते बदलायला घेतलं. रुग्णांची माहिती साध्या लॉगमध्ये नाही. पण अडकलेल्या व्हीएमचा मेमरी डम्प, किंवा सस्पेंड केलेल्या व्हीएमची 'व्हीमेम' फाईल, यात त्या व्हीएमची पूर्ण रॅम असते. लॅबच्या व्हीएमच्या रॅममध्ये पेशंटची नावं आणि रिपोर्ट असणारच. बंडल काढताना 'हंग व्हीएम'चे पर्याय असतात, ते लॅबसाठी आणि रुग्णनोंदणीसाठी चालवायचे नाहीत, असं लेखी ठरवलं. कधी लागलंच तर आधी डॉक्टर मॅडमची परवानगी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला आहे, त्याचे नियम जून २०२४ पर्यंत आलेले नव्हते. पण पेशंटचा रिपोर्ट बाहेर जाऊ नये हे कळायला नियमांची वाट बघायची गरज नाही.

केसमध्ये घटनेचा तक्ता जोडला: भारतीय वेळ, यूटीसी, होस्ट, लॉगचं नाव, ओळ. रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला, पेशंटची नावं झाकून.

२४ जून, सोमवार

सपोर्टच्या इंजिनिअरांचा फोन. अतिशय नेटकं बोलले. तक्ता पाहून त्यांनी थेट बंडलातल्या 'कमांड्स' फोल्डरमधली नेटवर्क कार्डांची माहिती उघडली होती. दोन नंबरच्या होस्टचं 'व्हीएमनिक३', आयस्कझीच्या दोन रस्त्यांपैकी एक: रिसीव्ह सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या पाकिटांची मोजणी), चार आकडी. बाकी सगळ्या कार्डांवर शून्य.

मी विचारलं, ११ तारखेच्या बंडलात हे का दिसलं नाही? उत्तर सरळ आहे. हे मोजणं होस्ट बूट झाल्यापासूनचं असतं. त्या पहाटे होस्ट रीस्टार्ट झाला, आणि लॉगबरोबर हा आकडाही शून्यावर आला. एका बटणाने दोन्ही साक्षीदार गेले होते. २० तारखेला कुणी बटण दाबलं नाही म्हणून आकडा तसाच राहिला.

त्यांनी आणखी एक शिकवलं. नुसत्या एकूण आकड्याला फार अर्थ नाही, महिन्यांपूर्वी कुणी केबल हलवली असेल तर तेव्हाचा असू शकतो. बॅकअपच्या आधी एक आणि नंतर एक असं वाचन घ्या, फरक बघा. सोबत स्विचच्या त्या पोर्टचा लॉग पाठवा.

२५ जून, मंगळवार

रात्रीची वाचनं हातात. सव्वादोन ते तीन या वेळात 'व्हीएमनिक३'चा आकडा वाढला. दिवसा, लॅबमध्ये गर्दी असतानाही, जागचा हलत नाही.

मोठ्या पाकिटांची तपासणीही केली. आयस्कझीचं एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटांत) आमच्याकडे ९००० आहे. 'व्हीएमकेपिंग'ने तुकडे न पाडण्याची अट घालून ८९७२ बाइटांचं पाकीट पाठवायचं, उरलेले २८ बाइट हेडरचे. पाकीट पलीकडे पोचतं, म्हणजे एमटीयू सगळीकडे बरोबर आहे. पण बॅकअप चालू असताना बराच वेळ पिंग चालू ठेवलं तर मधूनच एखादं गळतं. लहान पाकिटं त्याच रस्त्याने न गळता जात होती. साधा पिंग करून 'नेटवर्क ठीक आहे' असा शेरा मारणं किती फसवं ठरलं असतं!

२६ जून, बुधवार

दुपारी दोन नंबरच्या होस्टवरच्या व्हीएम बाकीच्या होस्टवर हलवल्या, होस्ट मेंटेनन्स मोडवर घेतला. रॅकच्या मागे बॅटरी घेऊन बसलो. 'व्हीएमनिक३'ची केबल पोर्टपासून हाताने चाचपत खाली आलो. मागच्या दाराच्या बिजागरीपाशी केबल आत दाबली गेली आहे. दार लावलं की बिजागरीची कड तिच्यावर टेकते. बाहेरचं आवरण फाटलेलं नाही, पण बोटाला खाच लागते आणि तिथे केबल चपटी झाली आहे, दाबलेल्या उसाच्या कांडीसारखी. नुसतं डोळ्यांनी बघून ती कधीच सापडली नसती. पोर्टचे दोन्ही दिवे हिरवे होते.

नवीन कॅट-६ए केबल वेगळ्या बाजूने ओढली, दारापासून लांब, वेल्क्रोने बांधली. प्लास्टिकच्या टायने करकचून आवळणं या रॅकमध्ये यापुढे बंद. जुनी केबल लेबल लावून कपाटात ठेवली, सपोर्टने मागितली तर दाखवायला.

होस्ट परत कामात घेण्याआधी आकडा लिहून ठेवला. या वेळी रीस्टार्ट मुद्दाम केला नाही. जुना आकडा राहू दे, तो तिथेच थांबतो का हे बघायचं आहे.

२७ जून, गुरुवार

बॅकअप झाला. आकडा कालचाच.

३ जुलै, बुधवार

आकडा अजून तोच. लॅबच्या रजिस्टरमध्ये केबल बदलल्यानंतर कनेक्शन गेल्याची नोंद नाही. लॉगच्या पीसीवर 'संपर्क तुटला' आणि 'कामगिरी खालावली' या ओळी शोधणारी छोटी स्क्रिप्ट दर पहाटे चालते आणि सापडलं तर मला मेल टाकते. मेल आलेलं नाही. स्क्रिप्टच बंद नाही ना, हे पाहण्यासाठी तपासणीची एक ओळ हाताने पाठवून बघितली, मेल लगेच आलं.

एक प्रश्न मात्र सुटत नव्हता. रस्ते दोन असताना एक बिघडल्यावर दुसऱ्याने सांभाळायला हवं होतं, ते का झालं नाही? सपोर्टशी बोलून उलगडलं. रस्ता पूर्ण मेला असता तर होस्टने तो लगेच सोडला असता, आणि दुसरा रस्ता घेतला असता. आमचा रस्ता मरत नव्हता. लिंक चालू, बरीच पाकिटं जात होती, काही गळत होती, टीसीपी परत पाठवत होतं. त्यामुळे होस्ट त्या रस्त्यावर आशेने कमांड टाकत राहिला आणि वाट पाहत राहिला. अर्धवट आजारी रस्ता पूर्ण तुटलेल्या रस्त्यापेक्षा जास्त त्रास देतो. यापुढे पोर्टवर लिंक आहे की नाही एवढंच न बघता एरर मोजणारी देखरेख लावायची आहे. त्यासाठी स्विचवर एसएनएमपी (उपकरणाचे आकडे दुरून वाचण्याची पद्धत) चालू केलं.

९ जुलै, मंगळवार

केस बंद केली. बंद करताना इंजिनिअरांनी तिन्ही होस्टचं आणखी एक बंडल घेऊन स्वतःकडेच ठेवा असं सुचवलं, निरोगी अवस्थेचं. पुढे काही बिघडलं तर तुलनेला उपयोगी पडेल. घेतलं.

व्हीसेंटरच उघडत नसेल तर त्याचं बंडल कसं काढायचं याची रंगीत तालीमही उरकली. ब्राउझरमध्ये व्हीसेंटरच्या पत्त्यापुढे 'अप्लायन्स/सपोर्ट-बंडल' लिहून रूटचा पासवर्ड दिला की क्लायंट न उघडताच फाईल उतरते. रात्रपाळीच्या मुलाकडून हे एकदा करून घेतलं. त्याने न विचारता घड्याळ बघून वेळ वर लिहिली, भारतीय आणि यूटीसी दोन्ही.

रॅकवरच्या पानात बदल: फोन नंबरांखाली लॉगच्या पीसीचा पत्ता आणि बंडल घेण्याची कमांड. आषाढी १७ तारखेला आहे, मिरज-पंढरपूर वाटेवरची गर्दी आपत्कालीन विभागात दिसायला लागली आहे. त्या आठवड्यात कोणत्याही होस्टला हात लावायचा नाही, असं अधीक्षक साहेबांशी ठरलं.

राहिलेलं काम: दोन नंबरच्या होस्टचं एसडी कार्ड काढून एसएसडीवर ईएसएक्सआय बसवणं, म्हणजे लॉगची जागा कायमची होईल. डिस्क आल्या आहेत. शनिवारी १३ तारखेला बॅकअप संपल्यावर, पहाटे चारला सुरू करायचं. त्याआधीचं बंडल घेऊन लॉगच्या पीसीवर ठेवायचं, नवीन इन्स्टॉल झाल्यावर 'लोकल लॉग आउटपुट इज पर्सिस्टंट' पुढे 'ट्रू' दिसतंय का ते तपासायचं, आणि मगच व्हीएम परत आणायच्या.